टर्कीची साद

जंगली टर्कीचा माग काढत जाण्याऐवजी एका जागी लपून बसून, तिच्या आवाजाची नक्कल करत तिलाच बंदुकीच्या टप्प्यात बोलावून घेण्याचे शिकारतंत्र. हे तंत्र उत्तर अमेरिकेतले असून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वसंत ऋतूतील नर टर्कीच्या शिकारीत ते प्रामुख्याने वापरले जाते. (आपल्याकडेही पिंजऱ्यातल्या पाळलेल्या तित्तराच्या आवाजावर रानातले तित्तर जाळ्यात ओढण्याची जुनी रीत होती, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार गुन्हा ठरते.)

या तंत्रातील खरी अडचण पक्ष्याच्या स्वभावात आहे. विणीच्या हंगामात नर पिसारा फुलवून दूरवर ऐकू जाणारा गुडगुडाट करतो आणि तो ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नराने आपल्याकडे चालत यावे अशी अपेक्षा करतो, म्हणजेच निसर्गाचा क्रम उलटा फिरवू पाहतो. त्यामुळे नर पुष्कळदा उत्तर देतो, जवळही येतो, पण टप्प्याबाहेर थांबून मादीची वाट पाहत राहतो. वाटेत ओढा किंवा कुंपण असेल तर तो हमखास अडतो, म्हणून बसण्याची जागा निवडतानाच असे अडथळे टाळतात.

मादीच्या आवाजांपैकी ‘येल्प’ हा मुख्य होय. एका लयीत येणाऱ्या काही स्वरांची ती मालिका असते, आणि जाणकारांच्या मते स्वराच्या शुद्धतेपेक्षा ही लय अधिक महत्त्वाची ठरते. ‘क्लक’ हा तुटक एकेरी आवाज, ‘पर’ ही चरताना होणारी समाधानाची मृदू घरघर, तर ‘कटिंग’ म्हणजे उत्तेजित मादीचे जोरदार, अनियमित क्लक. ‘पट’ हा धोक्याचा इशारा क्लकसारखाच, पण अधिक तीक्ष्ण असतो. तो चुकून निघाला तर सकाळ वाया गेलीच म्हणून समजावे.

टर्की रात्री झाडावर बसते. पहाटेपूर्वी शिकारी घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढतो आणि त्या आवाजाने दचकून नर गुडगुडला की त्याचे झाड कळते. त्यानंतर पुरेसे अंतर राखून, खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसायचे आणि झोपेतून जागी होणारी मादी काढते तसे हळू येल्प काढायचे. नर खाली उतरून येऊ लागल्यावर साद कमी करणे, किंबहुना पूर्ण थांबवणे, हाच बहुतेक अनुभवी शिकाऱ्यांचा परिपाठ असतो. नवशिक्यांची सर्वाधिक चूक येथेच होते, कारण प्रत्येक उत्तरागणिक बोलत राहणारी मादी जागेवरच आहे असे समजून नर थबकतो. तो माद्यांच्या घोळक्यात असेल तर त्याला बोलावण्यात अर्थ नसतो. अशा वेळी घोळक्यातील वरचढ मादीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून तिला डिवचले जाते. ती प्रतिस्पर्धी मादीला हुसकावायला निघाली की नरही मागोमाग येतो. सकाळ वर चढल्यावर माद्या अंडी घालायला घरट्यांकडे जातात आणि एकटा पडलेला नर सादेला अधिक सहज भुलतो. शरद ऋतूत पद्धत निराळी असते: थवा विखरून टाकून तेथेच बसायचे आणि हरवलेल्या पिलांच्या ‘की-की’ आवाजाने पक्ष्यांना पुन्हा एकत्र बोलवायचे.

टर्कीच्या पंखाच्या हाडांची फुंकणी हे सादेचे जुने साधन होय. आरकान्सॉतील डार्डनेल येथील हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये लाकडी पेटीच्या सादयंत्राचे पेटंट घेतले. तिचे वल्ह्यासारखे झाकण पेटीच्या कडेवर घासले की येल्प उमटतो. पाटीच्या दगडावर काडी घासण्याचे साधनही रूढ आहे. तोंडात टाळूला लावायच्या पातळ पडद्याने हात मोकळे राहतात, आणि टर्कीची नजर विलक्षण तीक्ष्ण असल्याने शेवटच्या क्षणी हात न हलणे मोलाचे असते. ध्वनिमुद्रित आवाजांना बहुतेक राज्यांत बंदी आहे.

हुबेहूब सादेचा धोका असा की दुसरा शिकारीही फसतो. म्हणून टर्कीच्या आवाजाच्या दिशेने दबा धरत जाऊ नये, तसेच नराच्या डोक्याचे लाल, पांढरे व निळे रंग अंगावर घालू नयेत, असे शिकारीच्या प्रशिक्षणात बजावले जाते.