उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

उद्यानविद्येला नंबर लागला की घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात: फी कशी भरायची आणि मुलाला ठेवायचं कुठे. कॉलेज दापोलीचं असो, मुळद्याचं असो, अकोल्याचं किंवा परभणीचं, बहुतेकांना घर सोडावंच लागतं. या दोन प्रश्नांसाठी राज्य सरकारच्या दोन वेगळ्या योजना आहेत आणि पात्र विद्यार्थ्याला दोन्ही एकाच वर्षी घेता येतात. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुलं फीचा अर्ज भरून थांबतात आणि राहण्याखाण्याचे पैसे सोडून देतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहितोय.

फीसाठी

खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत हवं, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर ही योजना मिळत नाही. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. शिक्षणात दोन वर्षं किंवा त्याहून मोठा खंड पडलेला चालत नाही. मुलांना यातून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कृषी विभागाचे अभ्यासक्रम त्यात येतात, त्यामुळे बी.एस्सी. उद्यानविद्येच्या मुलीही आल्या. इथेही कॅपची अट आहेच. मुलीला लांब पाठवायला कचरणाऱ्या घरांपर्यंत ही गोष्ट नक्की पोचवा.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांनी आधी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पाहावी. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, हा वेगळा अर्ज असतो. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या योजनाही महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आपापल्या विभागाखाली दिसतात.

राहण्यासाठी

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी आहे. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबातून येऊन देशाचे कृषिमंत्री झालेल्या माणसाचं नाव तिला दिलंय आणि ते अगदी योग्य आहे. आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर या भत्त्याला अर्ज करायलाच हवा. विद्यार्थी घरापासून दूर, वसतिगृहात किंवा भाड्याने राहत असला पाहिजे आणि तसा पुरावा लागतो: वसतिगृहाचा दाखला किंवा भाडेकरार.

इथे एक गल्लत फार होते. प्रवेशाच्या वेळी शेतकरी कुटुंबाचा भारांक, म्हणजे जादा गुण, मिळावा म्हणून सातबारा जोडलेला असतो. तोच इथेही चालेल असं मुलं धरून चालतात. चालत नाही. भत्त्यासाठी तहसीलदारांनी दिलेला अल्पभूधारक असल्याचा दाखला वेगळा काढावा लागतो, आणि शेत आजोबांच्या नावावर असेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन नोंदी बघाव्या लागतात. म्हणून हे काम प्रवेशाच्या आधीच, बारावीच्या सुट्टीत हातावेगळं करा.

कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला सगळ्यात जास्त अर्ज अडवतो. तो तहसीलदारांचाच हवा. वडिलांच्या पगाराची पावती किंवा सरपंचांचं पत्र पुरत नाही. दाखला एक वर्षाचा किंवा तीन वर्षांचा मिळतो आणि त्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. अर्ज ज्या शैक्षणिक वर्षाचा, त्या वर्षाला तो लागू आहे का, हे सेतू केंद्राच्या खिडकीवरच वाचून घ्या. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज फक्त आदल्या वर्षीच्या दाखल्यामुळे परत आला. नवा काढेपर्यंत मुदत उलटली आणि त्या वर्षीची फी घरच्यांनी उसनवारी करून भरली.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं जागावाटप पत्र, फीची पावती, रेशन कार्ड आणि आधार लागतं. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता, इतर मागासांच्या शुल्कमाफीसाठी नॉन-क्रीमी लेयर. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. सगळं स्वच्छ स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पोर्टल मोठ्या आकाराची फाइल घेत नाही आणि मोबाइलवर काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो तपासणीत नाकारला जातो.

अर्ज

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. आधारच्या ओटीपीने नोंदणी केली की आधी प्रोफाइल पूर्ण भरावं लागतं: वैयक्तिक माहिती, मागचं शिक्षण, सध्याचा अभ्यासक्रम, वसतिगृह. त्यावरून पोर्टल तुम्हाला लागू असलेल्या योजना दाखवतं. अपेक्षित योजना दिसत नसेल तर बहुतेक वेळा उत्पन्न, प्रवर्ग किंवा अभ्यासक्रम भरताना चूक झालेली असते. वसतिगृहाचा भाग रिकामा सोडू नका, भत्त्याचा अर्ज त्याच माहितीवर उभा असतो.

सबमिट केल्यावर अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे विभागाकडे जातो. त्रुटी असेल तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत येतो. एसएमएसची वाट बघू नका, दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि इथेही बारकाईने पाहायला हवं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं थेट लाभासाठी जोडलं गेलं असं नाही. ती जोडणी एकाच खात्याला असते. मध्येच दुसरीकडे खातं उघडताना आधार दिलं असेल तर रक्कम तिकडे वळते आणि मुलगा जुनं पासबुक भरून घेत राहतो. कोणती बँक जोडलेली आहे हे आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग’मध्ये दिसतं. अर्जाआधीच ते पाहून ठेवा.

राज्याबाहेर आणि पुढे

सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातून दुसऱ्या राज्यात, उदाहरणार्थ हिमाचलमधल्या नौणीला किंवा कर्नाटकातल्या बागलकोटला, प्रवेश मिळाला तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. पदवीला तिचा दर महिना ३,००० रुपये असा ठरलेला आहे आणि पदव्युत्तरला ५,०००. मुख्य अट ही की शिक्षण स्वतःच्या अधिवासाच्या राज्याबाहेर हवं. अर्ज त्या विद्यापीठामार्फत जातो, म्हणून पोचल्याबरोबर तिथल्या शिष्यवृत्ती कक्षात अधिवास प्रमाणपत्र आणि बँकेचे तपशील द्या.

बागांची आखणी, लँडस्केप हाच ज्यांचा ओढा आहे त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक बी.आर्च. करून पुढे लँडस्केप आर्किटेक्चर. तिथे शाहू महाराज शिष्यवृत्ती तंत्रशिक्षण संचालनालयाखाली शोधायची. दुसरी, बी.एस्सी. उद्यानविद्येनंतर फुलशेती आणि लँडस्केपिंग विषयात एम.एस्सी. त्यासाठी परिषदेच्या प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळवणाऱ्यांना पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते, महिना १२,६४० रुपये. ती हवी असेल तर पदवी जिथून घेतली ते विद्यापीठ सोडून दुसरीकडे प्रवेश घ्यावा लागतो, त्यामुळे पसंतीक्रम भरतानाच हे ध्यानात ठेवा.