गोष्ट संपल्यानंतरची चार पाने

मुलांसाठी लिहिलेली नवी ऐतिहासिक कादंबरी हाती पडली की पहिल्या पानाआधी तिची शेवटची पाने उलटून पाहण्याची खोड काही वाचकांना असते. तेथे बहुधा लेखकाची टीप असते. कोणती माणसे खरोखर होऊन गेली, कोणती कल्पित आहेत, कोणता प्रसंग कथानकाच्या सोयीसाठी मागेपुढे केला आहे, याचा तो कबुलीजबाबच असतो. आज अशी टीप नसली तर पुस्तक अपुरे वाटते, परंतु हा प्रघात मुलांच्या पुस्तकांत रुळायला बराच काळ जावा लागला.

इंग्रजीत ऐतिहासिक कादंबरीला वॉल्टर स्कॉट यांच्या १८१४ मधील ‘वेव्हर्ली’ने वळण दिले आणि पुढील आवृत्त्यांना त्यांनी स्वतःच प्रस्तावना व टिपा जोडल्या. मुलांच्या बाजूने या प्रकाराचा एक ठळक आरंभ १८४७ मध्ये झाला. फ्रेडरिक मॅरियट यांनी इंग्लंडमधील यादवी युद्धात पोरकी झालेली चार भावंडे न्यू फॉरेस्टच्या रानात लपवली. राजा आणि संसद यांच्या झगड्यापेक्षा रानात शिकार कशी करायची, जमीन कशी कसायची आणि खड्डा खणून रानटी गुरे कशी धरायची, हेच त्या पुस्तकातून वाचकाच्या मनात राहते, आणि त्यात वावगे काही नाही.

त्यानंतर आले जी. ए. हेन्टी. पूर्वाश्रमीचे युद्धवार्ताहर असलेल्या या गृहस्थांनी लेखनिकाला तोंडी मजकूर सांगत शंभराहून अधिक पुस्तके उभी केली. पंधरा-सोळा वर्षांचा धीट मुलगा, एक नामांकित सेनापती आणि एक मोठी लढाई, हा त्यांचा ठरलेला साचा. वाचक मुलांना उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत लढायांचे वर्णन विश्वसनीय असल्याची ग्वाही असे. कबुली नव्हे, ग्वाही. आणि त्या ग्वाहीच्या आडून साम्राज्याचा अभिमान इतिहास म्हणून मुलांच्या हाती जाई. १९३४ मध्ये जेफ्री ट्रीझ यांनी रॉबिन हूडची कथा पिचलेल्या वेठबिगारांच्या बाजूने सांगितली, तेव्हा हा साचा प्रथमच जाणीवपूर्वक मोडला गेला.

टीप स्वतः किती कालबाह्य होऊ शकते, हे रोझमेरी सट्क्लिफ यांच्या १९५४ मधील ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’वरून कळते. ब्रिटनमध्ये इ. स. ११७ च्या सुमारास नाहीशी झालेली रोमन फौज आणि सिल्चेस्टरच्या उत्खननात सापडलेला पंख नसलेला धातूचा गरुड, या दोन कोड्यांतून आपली गोष्ट घडल्याचे त्यांनी आरंभीच सांगितले. पुढे संशोधकांना ती फौज त्यानंतरही नेदरलंड्समध्ये असल्याचे पुरावे मिळाले, आणि तो गरुड फौजेच्या निशाणाचा नसून एखाद्या पुतळ्याचा भाग असावा, असे मत रूढ झाले. कादंबरी मात्र वाचली जातेच आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण लेखिकेने तर्क कोठून सुरू होतो हे झाकून ठेवले नव्हते.

अमेरिकेत स्कॉट ओडेल यांनी १९६० मध्ये सॅन निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे एकटी राहिलेल्या स्त्रीवर कादंबरी रचली आणि तिच्याविषयी हाती असलेली त्रोटक माहिती शेवटी नोंदवली. याच लेखकाने १९८२ मध्ये मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी पाच हजार डॉलरचा पुरस्कार सुरू केला.

मिल्ड्रेड टेलर यांच्या १९७६ मधील कादंबरीत तर पुस्तकांचे आगमन हाच एक प्रसंग आहे. मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत पाठ्यपुस्तके येतात आणि मुले हरखतात. मग कथा सांगणाऱ्या मुलीच्या धाकट्या भावाला आतील तक्ता दिसतो. अकरा वेळा ते पुस्तक गोऱ्या मुलांना दिले गेले आहे आणि बाराव्या खेपेला, ‘अतिशय वाईट’ अवस्थेत, त्याच्या वाट्याला आले आहे. शेजारच्या रकान्यात त्याच्या वर्णाचा उल्लेख हिणकस शब्दात केलेला आहे. तो मुलगा पुस्तक जमिनीवर फेकून त्यावर पाय आपटतो. भेदभावाची व्याख्या न सांगता तो कसा नोंदवला जाई, हे एका तक्त्यातून दाखवणारी अशी पाने थोडी असतील.

टीप असूनही घोटाळा होऊ शकतो. १९९६ पासून निघालेल्या ‘डिअर अमेरिका’ मालिकेत कल्पित मुलींच्या रोजनिशा होत्या. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नसल्याने त्या खऱ्या वाटत आणि मागील टिपेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांचा गैरसमज तसाच राहील, असा आक्षेप घेतला गेला. याहून अवघड प्रकरण जानेवारी २०१६ मधील. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसासाठी केक करणारा हर्क्युलिस हा गुलाम आचारी आणि त्याची मुलगी यांच्या सचित्र पुस्तकात दोघे हसतमुख दाखवले होते. तो १७९७ मध्ये पळून गेला, हे लेखिकेच्या टिपेत होते, गोष्टीत नव्हते. टीका इतकी झाली की प्रकाशकाने दोन आठवड्यांच्या आत पुस्तक बाजारातून मागे घेतले.