पहिली पंगत जिवाणूंची

‘युरियावरचा पुदिना जिभेला गार लागत नाही’ असा एक निरोप मोबाइलवर फिरतोय. मुळं नत्र (नायट्रोजन) घेतात ते नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. ते शेणातून आलं की कारखान्यातून, हे कळायची सोय मुळांकडे नाही. गारवा देणाऱ्या मेंथॉलचा रेणूही दोन्हीकडे तोच. शेणखत आणि युरियात फरक आहे, पण तो वेगळ्याच जागी.

उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या तराईत लाकडासाठी लावलेल्या पॉपलर झाडांच्या ओळींमध्ये जपानी पुदिना घेतात. हा चटणीतला नव्हे. बाम, टूथपेस्ट आणि खोकल्याच्या गोळ्यांना मेंथॉल पुरवणारा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या जमिनीखाली धावणाऱ्या खोडांचे तुकडे लावतात. तेव्हा पॉपलर निष्पर्ण असतो आणि ऊन थेट सरीत उतरतं. झाडाचे पैसे हाती यायला सहा-आठ वर्षं. तोवर घर चालतं ते गहू आणि पुदिन्याच्या तेलावर.

झडलेली पानं मात्र तिथेच पडलेली असतात, आणि खरी गंमत त्यांच्यापाशी आहे. पाचोळा कुजवणाऱ्या जिवाणूच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बाला (कार्बनला) १ भाग नत्र असतं. पण खाल्लेल्या कर्बातला दोन तृतीयांश तर श्वसनातच जळतो. म्हणजे ८ भाग अंगी लागायला २४ भाग खायचे, आणि सोबत १ भाग नत्र हवंच. गव्हाच्या भुश्श्यात हे प्रमाण ८०ला १ असतं. वाळका पाचोळाही कर्बाकडेच झुकलेला. मग तूट भरायला जिवाणू मातीतलं नत्र उचलतात. पहिली पंगत त्यांची, पुदिना उष्ट्यावर! पीक पिवळं पडतं आणि सगळा दोष झाडावर जातो.

चांगलं कुजलेलं शेणखत या चोविसाच्या बरंच आत आलेलं असतं, म्हणून ते उलट नत्र सोडतं. पण सावकाश. १० टनांत सुमारे ५० किलो नत्र, म्हणजे युरियाची जेमतेम अडीच पोती. पहिल्या हंगामात त्यातलंही पाव ते एक तृतीयांशच सुटतं. पिकाची गरज हेक्टरी १२० ते १५० किलो. ती नुसत्या शेणखतावर भागवायची तर ट्रॉल्यांच्या भाड्यातच नफा संपेल.

मग सगळा युरियाच का नको? मातीत युरियाचं शेवटी नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही. पुदिन्याची मुळं उथळ, पाणी वरचेवर. एकदम टाकलेला युरिया दोन पाण्यांत मुळांच्या खाली जातो. म्हणून शेणखत लावणीआधी मातीत मिसळायचं आणि युरिया हप्त्याहप्त्यानं द्यायचा. शेणखतातला सेंद्रिय भाग ओल आणि अमोनियम दोन्ही धरून ठेवतो.

हात सैल सोडला तर मात्र वेगळीच फसगत होते. भिंगातून पाहिलं तर पुदिन्याच्या पानाच्या पाठीवर चकचकीत ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी. खोडावर त्या जवळपास नसतातच. नत्र जास्त झालं की पीक दाटतं, वर पॉपलरलाही पालवी आलेली असते, आणि सावलीत खालची पानं गळतात. कापणीला भारे जड भरतात, पण त्यात काड्याच जास्त.