मन मोकळं करायला निमित्त लागतं: पुरुष दिनामागचा इतिहास

१९ नोव्हेंबर १९८९. पोर्ट ऑफ स्पेनचं स्टेडियम लाल रंगाने फुलून गेलं होतं. विश्वचषकात पहिल्यांदाच पोहोचण्यासाठी त्रिनिदाद अँड टोबॅगोच्या फुटबॉल संघाला अमेरिकेशी फक्त बरोबरी साधायची होती. सामना एका गोलने गेला. घरच्या मैदानावर, डोळ्यांदेखत, तोंडाशी आलेला घास गेला. पण मैदानात ना दंगा झाला, ना मोडतोड. हार पचवणाऱ्या त्या प्रेक्षकांना फिफाने त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार दिला.

दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच देशात वेस्ट इंडीज विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या जेरोम टीलकसिंग यांनी आंतरराष्ट्रीय पुरुष दिनासाठी हीच तारीख धरली. एक कारण घरातलं होतं. त्या दिवशी त्यांच्या वडिलांचा वाढदिवस, आणि वडील हाच त्यांचा आदर्श. दुसरं कारण म्हणजे तो संघ, ज्याने वंश-धर्माचे भेद विसरायला लावून सगळा देश एकत्र आणला होता. ‘बायकांना दिवस आहे, मग आम्हाला का नाही?’ अशा चिडीतून हा दिवस निघाला, असं अनेकांना वाटतं. म्हणूनच तो एका मुलाच्या कृतज्ञतेतून आणि एका हरलेल्या सामन्यातून आला, हे मला आधी सांगावंसं वाटतं.

त्याआधी १९९२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मिसुरीचे प्राध्यापक थॉमस ओस्टर यांनी असाच दिवस सुरू केला होता. काही वर्षांत तो विरला. माल्टाने मात्र तो फेब्रुवारीतच चालू ठेवला आणि २००९ मध्ये नोव्हेंबरची तारीख स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत दिनांच्या यादीत हा दिवस आजही नाही.

दिवस अलीकडचा असला तरी दुखणं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून असे सैनिक परत येऊ लागले, ज्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण कुणाची वाचा गेली होती, कुणाला दिसेनासं झालं होतं, कुणाच्या हातांची थरथर थांबत नव्हती. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा आधी समज होता. पण गोळा जवळ न फुटलेल्यांनाही तोच त्रास होत होता. मग उरलं एकच उत्तर: माणूस घाबरला होता, आणि घाबरण्याची त्याला परवानगी नव्हती. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटनने आपल्या आणि साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही याच आजाराने खचलेले होते. त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये.

त्याच युद्धात एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर उलट्या दिशेने निघाले होते. ‘विसरून जा, मनातून काढून टाक’ असंच सगळे या सैनिकांना सांगत. रिव्हर्सना दिसलं की या सल्ल्यानेच माणूस जास्त खंगतो. दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री स्वप्नात उसळून येतं. म्हणून ते रुग्णांना आठवणींबद्दल बोलायला लावत. शंभर वर्षं उलटली तरी रिव्हर्सचं म्हणणं घराघरांत पोहोचलेलं नाही. पडलेल्या मुलाला आपण अजूनही आधी ‘रडतोस काय मुलींसारखा?’ विचारतो आणि मग कुठे लागलं ते बघतो.

ही शिकवण शब्दांत पकडली ती १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रॅनन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने. पुरुषाने बायकी काही करू नये, मोठं नाव कमवावं, खांबासारखं अढळ राहावं आणि प्रसंगी आक्रमक व्हावं, अशा चार अलिखित नियमांवर मुलगे वाढवले जातात, अशी त्याची मांडणी होती. मुळात हे प्रश्न विचारण्याची सवय स्त्री चळवळीने लावली, आणि ते ऋण मान्य करायला हवं. मॉन्ट्रियलमध्ये १९८९ च्या डिसेंबरमध्ये एका बंदूकधाऱ्याने १४ स्त्रियांचा जीव घेतला. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या काही पुरुषांनी छातीवर पांढरी फीत लावून सांगितलं की स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल आम्ही गप्प बसणार नाही.

आरोग्याची बाजू मागाहून आली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पुरुष आरोग्य सप्ताह मंजूर केला. पुरुषांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आखणारा पहिला देश ठरला आयर्लंड. ते धोरण २००८ ते २०१३ या काळासाठी होतं. गरज किती होती? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्या करतात, आणि पुरुषांमधलं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. डॉक्टरकडे बसलेला पन्नाशीचा गृहस्थ आठवून बघा. ‘काय होतंय?’ विचारलं की म्हणतो, ‘मला काही नाही हो, हिनेच पाठवलंय.’ बायकोचं नाव हे त्याचं निमित्त असतं.

निमित्ताची ही गरज ओळखणारे प्रयत्नच टिकले, असं मला हा इतिहास वाचताना जाणवलं. २००३ मध्ये मेलबर्नच्या तीस जणांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवायचं ठरवलं, तेव्हा ती नुसती मौज होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिला प्रोस्टेट कॅन्सरच्या निधीची जोड दिली. ‘हे काय रे?’ असं कुणी मिशीबद्दल विचारलं की एरवी तोंडातून न निघणारा विषय आपसूक निघायचा. त्यातूनच ही मोहीम ‘मोव्हेंबर’ या नावाने जगभर पोहोचली. पुढे मानसिक आरोग्यही त्यात आलं. २०१० मध्ये मार्क किसेलिका आणि मॅट एंग्लर-कार्लसन यांनी ‘सकारात्मक पुरुषत्वा’ची मांडणी केली, तिचा रोखही हाच होता. पुरुषातलं काय बिघडलंय एवढंच मोजत बसू नका. काम करून माया दाखवणं, बापपण निभावणं, अंगावर जबाबदारी घेणं ही त्याची बलस्थानं धरून उपचार करा.

ऑस्ट्रेलियातल्या शेडवाल्यांना हे आधीच उमगलं होतं. निवृत्त माणसाचं काम जातं, आणि कामाबरोबर मित्रही जातात, कारण ते कामामुळेच भेटत होते. अशांसाठी गूलवा गावात १९९३ मध्ये एकत्र येऊन हातकाम करायची एक शेड उभी राहिली. १९९८ मध्ये टोंगाला इथे ‘मेन्स शेड’ या नावाने दुसरी उघडली. आज त्या देशात अशा हजारावर शेड आहेत, आणि आयर्लंड-ब्रिटनमध्येही त्या रुजल्या आहेत. तिथे समुपदेशनाचा फलक नसतो. लाकूड, रंधा, मोडक्या खुर्च्या आणि चहा असतो. त्यांचं ब्रीद आहे की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात. दोघं एकाच खुर्चीचे पाय घासत असतात. नजर लाकडावर. मग त्यातला एक मान वर न करता म्हणतो, ‘ही जाऊन सहा महिने झाले.’ दुसरा पॉलिश पेपर खाली ठेवतो आणि स्टूल जरा जवळ ओढतो.