लहान मुलांच्या चेहऱ्यावरचं पुरळ

लहान मुलांच्या चेहऱ्यावर पुरळ, रॅश किंवा लाल चट्टे येणं इतकं कॉमन आहे की पहिल्या वर्षात काहीच आलं नाही असं बाळ शोधावं लागेल. कारणं ढीगभर आहेत आणि बरीचशी दिसायला सारखीच, त्यामुळे नुसत्या फोटोवरून ओळखणं अवघड. वय किती, खाज आहे का, ताप आहे का, हे आधी बघायचं.

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल डाग आणि मधे पिवळसर ठिपका असं पुरळ बऱ्याच बाळांना येतं, आठवडा-दोन आठवड्यांत जातं. नाकावरचे पांढरे दाणे म्हणजे मिलिया, त्वचेतलं केराटिन नावाचं प्रथिन अडकून झालेले, ते फोडायचे नाहीत. 2 ते 4 आठवड्यांच्या बाळाच्या गालांवर मुरमांसारखं येतं तेही काही महिन्यांत आपोआप बरं होतं. घामोळं सगळ्यांना माहितीच आहे.

जास्त छळतो तो एक्झिमा. साधारण 3 ते 6 महिन्यांपासून गाल कोरडे, खरखरीत होतात, कधी पाणी सुटतं, बाळ तोंड उशीला घासत राहतं कारण खाज प्रचंड असते, आणि गंमत म्हणजे नाकाचं टोक बहुतेक वेळा स्वच्छ राहतं. सावळ्या त्वचेवर हे लाल दिसतच नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसतं, म्हणून लक्षात यायला उशीर होतो. मुळात त्वचेला ओलावा धरून ठेवता येत नाही, म्हणून भरपूर मॉइश्चरायझर हाच पाया. मनानेच दूध-अंडी बंद करू नये. खाण्याची ॲलर्जी असेल तर बहुतेकदा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते 2 तासांत गांधी उठतात. आणि घरात पडलेली स्टिरॉइडची ट्यूब चेहऱ्याला चोळणं तर नकोच, त्यानेच तोंडाभोवती वेगळं पुरळ उठू शकतं.

दात येताना लाळेनेही हनुवटी लाल होते. मधाच्या रंगाची खपली धरली असेल तर इम्पेटिगो, हा जिवाणूंचा संसर्ग, पटकन पसरतो, टॉवेल वेगळा ठेवायचा.

थप्पड मारल्यासारखे दोन्ही गाल लालबुंद झाले तर पार्व्होव्हायरस बी19 या विषाणूचा संसर्ग असू शकतो, पण गाल लाल होईपर्यंत पसरायचा काळ बहुधा संपलेला असतो. तरी घरात कोणी गरोदर असेल तर तिने डॉक्टरांना सांगावं. गोवरात आधी ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे, मग कानामागून आणि केसांच्या कडेपासून सुरू होऊन पुरळ खाली उतरतं.

काचेचा ग्लास त्वचेवर दाबल्यावरही न मावळणारे डाग आणि सोबत ताप, ओठ सुजणं, श्वासाला त्रास, किंवा 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, यातलं काहीही असेल तर घरी बसून वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.