मुक्काम तात्पुरता : निर्वासित-धोरणाची शंभर वर्षे

निर्वासितांविषयीच्या कायद्यांत आणि करारांत एक शब्द सारखा भेटतो : 'तात्पुरते'. यजमान देशांची सगळी धोरणे या शब्दाच्या आधाराने उभी राहिली आणि बहुतेक वेळा त्याच्यावरच अडखळली.

रशियातील क्रांती आणि यादवी युद्धानंतर लाखो माणसे युरोपभर पांगली. सोव्हिएत सरकारने १९२१ मध्ये त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. त्याच वर्षी राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) ध्रुवप्रदेशाचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांना उच्चायुक्त नेमले आणि १९२२ मध्ये कुठल्याच देशाचे नसलेल्यांसाठी 'नान्सेन पासपोर्ट' आला. कागद मिळाला, पण ठेवून घ्यायची हमी कोणी दिली नाही. ती उणीव १९३८ मध्ये एव्हियाँ परिषदेत उघडी पडली : नाझी राजवटीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंच्या प्रश्नावर ३२ देश जमले, सहानुभूतीची भाषणे झाली, आणि मोठ्या संख्येने माणसे घ्यायला तयार झाला तो एकटा डॉमिनिकन प्रजासत्ताक.

१९५१ चा जिनिव्हा करार या शरमेतून जन्मला. छळाची सार्थ भीती असलेला तो निर्वासित, पोटापाण्यासाठी आलेला तो स्थलांतरित, ही रेघ तिथेच कायद्यात पक्की झाली. (युद्ध आणि उपासमार यांतून एकदमच पळणाऱ्याने कोणत्या रांगेत उभे राहायचे, याचे उत्तर आजही नीट मिळत नाही.) करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता; ती अट १९६७ मध्ये निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्त कार्यालयालाही सुरुवातीला तीनच वर्षांचे आयुष्य दिले होते. मुदत वाढवता वाढवता २००३ साल उजाडले, तेव्हा कुठे आमसभेने ती अटच काढली.

कामगारांच्या बाबतीतही हाच हिशेब चुकला. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केला, तो दोन वर्षांनी परतणाऱ्या 'पाहुण्या कामगारां'साठी. शिकवून तयार केलेली माणसे परत पाठवणे कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. तेलसंकटात, १९७३ ला भरती थांबली. परिणाम उलटाच झाला : एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून कामगारांनी बायकामुलांना बोलावून घेतले. त्या मुलांचा नागरिकत्वाचा मार्ग सोपा व्हायला २००० साल उजाडावे लागले.

'आमच्या नोकऱ्या जातात' ही तक्रार तर जुनीच. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन काही महिन्यांत अमेरिकेत पोहोचले, त्यातले बरेच मायामीतच राहिले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तीच आकडेवारी वेगळी लावून शाळा अर्धवट सोडलेल्यांचे नुकसान झाल्याचे मांडले. वाद मिटलेला नाही. राजकारणी मात्र त्यासाठी थांबत नाहीत. १९९२ मध्ये जर्मनीत आश्रयाचे चार लाखांहून अधिक अर्ज आले आणि पुढच्याच वर्षी राज्यघटनेतील आश्रयाच्या हक्काला कात्री लागली.

फक्त युरोपातील घटनांमुळे पळालेल्यांनाच निर्वासित मानायची मुभा १९५१ च्या करारात होती; तुर्कस्तानने ती मर्यादा आजवर सोडलेली नाही. त्यामुळे तिथे आलेल्या सीरियन लोकांना २०१४ मध्ये निर्वासिताचा दर्जा न देता 'तात्पुरते संरक्षण' दिले गेले. एका टप्प्यावर त्यांची संख्या ३६ लाखांवर गेली. युरोपीय संघाने २०१६ मध्ये माणसे तिथेच थोपवण्यासाठी सहा अब्ज युरोंची तयारी दाखवली. संघाचा स्वतःचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम २००१ पासून कपाटात पडून होता. तो पहिल्यांदा वापरला गेला मार्च २०२२ मध्ये, युक्रेनच्या लोकांसाठी. सुरुवातीची मुदत एक वर्षाची होती. नंतर ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.