आपल्या नावाने ई-मेल कोण पाठवते?

ई-मेल उघडल्यावर ‘प्रेषक’ म्हणून जे नाव दिसते, ते खरे असण्याची हमी ई-मेलच्या मूळ व्यवस्थेत कोठेही दिलेली नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये एसएमटीपीची, म्हणजे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे ई-मेल पोहोचवण्याच्या पद्धतीची, नियमावली प्रसिद्ध केली, तेव्हा जाळ्यावर प्रामुख्याने विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी केंद्रे होती. त्यामुळे पाठवणारा संगणक स्वतःविषयी जे सांगेल ते खरे मानून चालणे त्या काळी पुरेसे होते. बँकेच्या किंवा प्राप्तिकर खात्याच्या नावाने येणारी बनावट पत्रे आजही याच मोकळिकीचा फायदा घेतात. जगभर चालू असलेली व्यवस्था मोडून नवी उभारणे शक्य नव्हते, म्हणून तिच्यावरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क असे तीन उपाय बसवण्यात आले आणि तिन्हींच्या नोंदी ठेवण्यासाठी डीएनएसची, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या (डोमेनच्या) सार्वजनिक नोंदवहीची, निवड झाली. ही निवड अगदी योग्य होती, कारण एखाद्या डोमेनच्या डीएनएसमध्ये बदल करण्याचा अधिकार फक्त त्याच्या मालकाकडे असतो, पण तेथील नोंद जगातला कोणताही सर्व्हर वाचू शकतो.

एखाद्या सहकारी पतसंस्थेचे स्वतःचे डोमेन आहे, असे समजू. एसपीएफसाठी तिने डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद करायची असते आणि आपल्या नावाने पत्रे पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, ते तीत लिहायचे असते. ही नोंद डोमेनसाठी एकच असावी लागते; दोन आढळल्या तर तपासणीच निकामी ठरते. शिवाय ती वाचताना आणखी शोध घ्यायला लावणाऱ्या ‘इन्क्लूड’सारख्या सूचना १०पेक्षा अधिक झाल्या, तरी तोच परिणाम होतो. पगारपत्रकांची सेवा, एसएमएस व ई-मेल पाठवणारी कंपनी, संकेतस्थळ सांभाळणारा ठेकेदार असे एकेक जण ‘आमचीही ओळ घाला’ म्हणत गेले, की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

एसपीएफची मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. कागदी पत्राप्रमाणे ई-मेललाही पाकीट असते आणि पाकिटावरचा प्रेषक व आतल्या पत्रावरचा प्रेषक वेगवेगळे असू शकतात. एसपीएफ तपासतो पाकीट, आणि वाचणाऱ्याला दिसते ते आतले नाव. भामट्याने पाकिटावर स्वतःचे, रीतसर नोंदवलेले डोमेन घातले आणि आत पतसंस्थेचे नाव लिहिले, तर एसपीएफची तपासणी बिनदिक्कत पार पडते.

डीकेआयएमचा मार्ग स्वाक्षरीचा आहे. याहू आणि सिस्को यांच्या दोन स्वतंत्र योजना एकत्र करून तो तयार झाला आणि २००७मध्ये त्याची नियमावली आली. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक पत्रावर आपल्या खासगी किल्लीने (फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने) अंकीय स्वाक्षरी करतो आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये असते. वाटेत मजकुरात फेरफार झाला, तर स्वाक्षरी जुळत नाही. येथे किल्लीची लांबी फार महत्त्वाची ठरते. गूगल स्वतःच्या डोमेनसाठी ५१२ बिटची किल्ली वापरत असल्याचे झॅकरी हॅरिस या अमेरिकी गणितज्ञाच्या २०१२च्या सुमारास लक्षात आले. भाड्याच्या संगणकांवर त्याने ती सुमारे तीन दिवसांत फोडली आणि कंपनीच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्याला पत्र पाठवून दाखवले. आज २०४८ बिटची किल्ली वापरावी, असा सल्ला दिला जातो. टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्यात २५५पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत, त्यामुळे एवढी किल्ली दोन तुकड्यांत लिहावी लागते. काही डीएनएस पॅनेल (नोंदी भरण्याची पाने) हे आपोआप करतात. काहींमध्ये हाताने करावे लागते आणि एखादे अवतरणचिन्ह सुटले तरी सगळ्या स्वाक्षऱ्या अवैध ठरतात.

तरीही स्वाक्षरी कोणत्या डोमेनची, हा प्रश्न उरतोच. तो सोडवण्याचे काम डीमार्क करतो आणि माझ्या मते तिघांत सर्वाधिक महत्त्व त्याचेच आहे. वाचणाऱ्याला दिसणारे प्रेषकाचे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध केलेले डोमेन, या दोहोंचा मेळ बसलाच पाहिजे, अशी त्याची अट आहे. मेळ बसला नाही तर पत्राचे काय करावे, हे मालक स्वतः सांगतो: ‘नन’ म्हणजे काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका आणि ‘रिजेक्ट’ म्हणजे स्वीकारूच नका. त्याच नोंदीत अहवाल मागवण्यासाठी एक पत्ताही देता येतो.

सुरुवात ‘नन’पासून करावी, ती या अहवालांसाठीच. मोठ्या ई-मेल सेवा साधारणपणे दररोज एक्सएमएल स्वरूपातली फाइल पाठवतात. आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील संगणकाच्या क्रमांकावरून) किती पत्रे आली आणि त्यांच्या तपासणीचा निकाल काय लागला, हे तीत असते. पत्रांचा मजकूर नसतो. अनोळखी वाटणारा आयपी पत्ता दर वेळी भामट्याचाच असतो असे नाही. वार्षिक सभेच्या सूचना पाठवण्यासाठी कोणीतरी पूर्वी घेतलेली आणि नंतर सगळेच विसरून गेलेली सेवाही तेथे सापडू शकते. नोंदी टंकायला थोडा वेळ पुरतो, पण आपल्या नावाने कोण कोण पत्रे पाठवते याची पूर्ण यादी करायला अनेक आठवडे लागू शकतात. ती पूर्ण न करता थेट ‘रिजेक्ट’ लिहिणे म्हणजे सभासदांना जाणारी खरी पत्रे आपणच अडवणे होय. उलट, कायम ‘नन’वरच थांबले, तर भामट्यांची वाट मोकळीच राहते.

नोंद करताना हमखास घडणारी एक चूक सांगण्यासारखी आहे. डीमार्कची नोंद ‘अंडरस्कोअर डीमार्क’ (_dmarc) या नावाखाली करायची असते. बरीच पॅनेल या नावापुढे डोमेन आपणहून जोडतात. वापरणाऱ्याने ते आधीच पूर्ण लिहिलेले असेल, तर डोमेन दोनदा लागते आणि पॅनेलवर व्यवस्थित दिसणारी नोंद बाहेरच्या सर्व्हरना सापडतच नाही. म्हणून एक पत्र जीमेलवर पाठवून तेथे त्या पत्राच्या मेनूतला ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय उघडावा. तिन्ही तपासण्यांपुढे ‘पास’ दिसले, म्हणजे निदान या मार्गाने जाणारी पत्रे नीट जात आहेत असे समजावे.

सर्वच अडचणी यातून सुटत नाहीत. दुसऱ्या खात्याकडे आपोआप पुढे पाठवलेल्या पत्राची एसपीएफ तपासणी बहुधा फसते, कारण ते तिसऱ्याच सर्व्हरवरून येते. डीकेआयएमची स्वाक्षरी मात्र मजकूर न बदलल्यास टिकते. एखाद्या अक्षराचा फरक करून घेतलेल्या दुसऱ्याच डोमेनवरून फसवणूक होत असेल, तर तेथे डीमार्कचा काहीच उपयोग नाही. तरीही आता हे काम टाळता येण्याजोगे राहिलेले नाही. जीमेलच्या खात्यांना दिवसाला सुमारे ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४पासून तिन्ही उपाय आवश्यक केले आहेत.

ज्या डोमेनवरून कधीच ई-मेल पाठवली जात नाही, त्याकडे तर सहसा कोणाचे लक्षही जात नाही. संस्थेने फक्त नाव राखून ठेवण्यासाठी घेतलेली अशी डोमेन भामट्यांना सोयीची पडतात. त्यांच्यासाठी मात्र यादी करत बसावे लागत नाही: एसपीएफमध्ये कोणत्याही सर्व्हरला परवानगी नाही असे लिहावे आणि डीमार्कमध्ये पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ घालावे.